दूधमास्तरणीचा काटा

दूधमास्तरीण दारात चपला काढत होती तेवढ्यातच सासूबाईंनी तिला नखशिखांत न्याहाळून घेतलं. सूनबाईने दवाखान्यातून बोलावलेली ही बाई बाळंतिणींना पाजायला शिकवते म्हणे! आता हेही शिकवायला माणसं निघाली? दूधमास्तरीण हे नाव सासूबाईंनीच ठेवलं होतं, आणि ते काही कौतुकाने नव्हे.

बाळ तीन आठवड्यांचं, पण जन्मलं तेव्हापेक्षाही हलकं. तासन्‌तास छातीशी लागायचं आणि बाजूला ठेवलं की टाहो फोडायचं. शुक्रवारपर्यंत वजन वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासूबाईंचं निदान मात्र केव्हाच झालं होतं: सूनबाईचं दूध पातळ. बाटली लावा, विषय संपला.

बाईने पिशवीतून वजनकाटा काढला. बाळाला तोललं, वीस मिनिटं पाजायला लावलं आणि त्याच कपड्यांत पुन्हा तोललं. आठ ग्रॅम वाढले होते.

"आठच?" सूनबाईचा चेहरा पडला.

"काटा मारत असेल," सासूबाई पुटपुटल्या. बरं, पुटपुटून गप्प बसतील तर त्या सासूबाई कसल्या! आतून साखरेचा न फोडलेला किलोचा पुडा आणून त्यांनी काट्यावर ठेवला. एक किलो चार ग्रॅम. वरचे चार पुड्याच्या प्लास्टिकचे. काट्याला बोल लावता येईना, म्हणून त्यांनी बाईकडे डोळे वटारले.

बाईने हात धुऊन बाळाची जीभ बोटाने उचलली. "हे बघा, जिभेखालचा पडदा आखूड आहे. जीभ पुढे येत नाही, मग दूध ओढणार कशी? आईला दूध भरपूर आहे, बाळाला ते काढता येत नाही. आपण धरायची पद्धत बदलून बघू, तोवर काढलेलं दूध चमच्याने देऊ. गरज वाटली तर डॉक्टर तेवढा पडदा कात्रीने मोकळा करतील."

"कात्री!" सासूबाईंनी नातवाला हिसकावूनच घेतलं. "आमच्या घराण्यात सगळ्यांच्या जिभा चांगल्या मोकळ्या आहेत, हवं तर शेजाऱ्यांना विचारा!"

"हे घराण्यातूनही येतं, आजी." बाई दारात उभ्या असलेल्या बाळाच्या बाबांकडे वळली. "तुम्ही जीभ बाहेर काढा बघू."

त्याने काढली. ती खालच्या ओठापलीकडे काही जाईना.

"लहानपणी आईचं दूध प्यायलात?"

"नाही. आईला दूधच नव्हतं."

सासूबाईंनी लेकाची हनुवटी धरून त्याला पुन्हा जीभ काढायला लावली. दूध नव्हतं, हे त्यांच्या सासूने ठरवलं होतं, मग नणदांनी, मग साऱ्या नात्यागोत्याने. पण अंगावरचे कपडे दिवसातून तीनदा भिजायचे, ते कशाने? बत्तीस वर्षांत हे कुणाला विचारायचा त्यांना धीर झाला नव्हता. उलट तोच ठपका सुनेच्या माथी मारून त्या मोकळ्या झाल्या होत्या.

"बाई, माझे कपडे भिजायचे हो. म्हणजे मला दूध होतं?"

"होतं की, आजी."

सासूबाईंनी डोळे बारीक केले. "मला बरं वाटावं म्हणून तर सांगत नाही ना?"

"नाही."

"पुन्हा सांगा."

बाईने पुन्हा सांगितलं. तेव्हा कुठे सासूबाईंना रडू फुटलं. त्यांनी बाळ सूनबाईच्या मांडीवर ठेवलं.

"माझं चुकलं गं पोरी. तुझं दूध चांगलं आहे. माझंही चांगलं होतं."