चौदा मिलिमीटर

रिजुमणी डॉक्टरनं मोजपट्टी तिसऱ्यांदा पेशंटच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये धरली. आकडा हलला नाही.

"चौदाच, सर."

सर म्हणजे डिंबेश्वर बरठाकूर, नलबारीचे निवृत्त मुख्याध्यापक. गालाचा कॅन्सर किरणांच्या उपचारानं गेला, पण जाताना जबड्याला कुलूप घालून गेला. ते सैल व्हावं म्हणून दोन महिने रोज तीन गोळ्या चालू होत्या. जेवणानंतर, न चुकता. सर शिस्तीचे.

शिस्तीत आणखीही एक गोष्ट चालू होती. दुपारी बायको नामघरात भजनाला गेली की सर आईचा लोखंडी खल काढत. दात पडलेल्या म्हातारीसाठी घडवलेला. त्यात तामोल, म्हणजे ओली सुपारी, पान आणि चुना कुटून बोटानं गालात सारत. ज्या तोंडात चमचा नीट शिरत नव्हता, त्यात हे बरोबर शिरे. सुपारीनं जबडा आखडतो म्हणून डॉक्टरनं ती चघळायला बंदी केली होती. सर चघळत नव्हते. जबडाच हलत नव्हता.

रिजुमणी सातवीत त्यांची विद्यार्थिनी होती. सुपारीचे दुष्परिणाम तिनं त्यांच्याकडूनच पाठ केले होते.

"तामोल सुटलं ना, सर? विचारायचं म्हणून विचारते."

सरांनी होकारार्थी मान हलवली. मानेला जबड्याची अडचण नव्हती.

"मग गोळीच उपयोगाची नाही तुम्हाला. बंद करू."

शेजारच्या खुर्चीवर सुआलकुचीची विणकरीण लाबण्य बसली होती. तोच आजार, तीच गोळी, तिसरा आठवडा. दोन मिलिमीटरची कमाई. हातानं भाताचा घास खायचा, एवढाच तिचा हट्ट.

"मग माझीही बंद करा, बाई," ती दातांतूनच म्हणाली. "एवढ्या शिकलेल्या माणसाला लागू पडेना, तर मला काय पडणार? चक्कर तेवढी येते."

तिनं गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवून दिली.

सरांनी खुर्चीचा हात धरला. बोलले. आवाज दातांमागेच राहिला.

"काय म्हणालात, सर?"

पुन्हा बोलले. आता दाराशी उभी असलेली नर्सही आत वाकली. बंद तोंडानं कबुली कुजबुजता येत नाही, हे सरांना तेव्हा कळलं. त्यांनी डॉक्टरचं पेन घेतलं आणि केसपेपरावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: तामोल रोज खातो. कुटून. दोन्ही महिने.

रिजुमणीनं वाचलं. पेन परत खिशाला लावलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काय लिहिलंय सरांनी?" लाबण्यनं विचारलं. "मला वाचता येत नाही."

रिजुमणी वाचून दाखवेल म्हणून सर थांबले. ती थांबली होती सरांसाठी.

"मी... तामोल... खातो," सर जोर लावून म्हणाले. नर्सनंही ऐकलं, बाहेरच्या बाकावरही गेलं असावं.

लाबण्यनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अगं बाई! आणि मी तुमच्या नादानं गोळी सोडत होते की, सर!"

टेबलावरची पट्टी उचलून तिनं नेसलेल्या मेखलेच्या कनवटीला खोचली.

"लाबण्यबाई, गोळी सगळ्यांना लागू पडते असं नाही हं," रिजुमणी म्हणाली. "पण तुमची चालू ठेवू. चक्कर वाढली तर लगेच सांगा." मग तिनं टॉर्च घेतला. "तोंड उघडा, सर. गालात नवीन काही उगवलंय का, बघू दे."

सरांनी उघडलं, तेवढंच. उजेड आत जाईना. ती वाकून, डोळा जवळ नेऊन, बराच वेळ पाहत राहिली. सरांना डोळे मिटता येत होते, म्हणून त्यांनी ते मिटले.