लिंबांचं नवं नाव

थोरली जाऊ सुपरमार्केटात भाजीच्या काट्यावर कामाला, धाकटी तिथंच गल्ल्यावर. दुकान एक, घर एक, चूल एक, आणि बोलणं बंद! कारण काय, तर पाहुणे ताटावर बसलेले असताना थोरलीनं धाकटीच्या भाजीत न विचारता मीठ टाकलं. तेव्हापासून थोरली समोर उभी असली तरी धाकटी नवऱ्याला सांगायची, "तुमच्या वहिनींना सांगा, डबा भरलाय." भांडण थोरलीला चाललं असतं हो, पण हा अबोला तिला आतून खात होता. गप्पांशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

त्या दुपारी तिनं काट्याचं झाकण उघडून लेबलांची नवी गुंडाळी बसवली, छपाईची पट्टी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली. आता अक्षर नीट उमटतंय का बघायला एक लेबल काढायचं होतं, आणि तिथंच बाईंचं डोकं नको तिकडे चाललं. लिंबाच्या नावाच्या जागी तिनं टाइप केलं, 'धाकटीचा राग'. एकच लेबल काढायचं, पिशवीला लावून गल्ल्यावर न्यायचं. हसली तर जिंकलं!

पण 'नमुना'चं बटण राहिलं बाजूला आणि बोट पडलं 'जतन करा'वर. दुकानातले सगळे काटे एकाच तारेनं जोडलेले, म्हणजे नाव सगळीकडे गेलं. तेवढ्यात कांद्याला गर्दी उसळली आणि ही साफ विसरली.

थोड्या वेळानं गल्ल्यावरून टोपीवाले आजोबा ओरडले, "अहो, मी लिंबं घेतली होती, हा राग कुणाचा गळ्यात मारताय?"

"माझ्याकडे पाव किलो निघालाय!" मागच्या बाई म्हणाल्या. रांगेत खसखस पिकली. धाकटीनं लेबल वाचलं आणि तिचे कान लाल झाले.

मॅनेजर धावत काट्यापाशी आला. "कुणाचे हे उद्योग? आधी नाव बदला!"

थोरली घाईघाईत भलतीच बटणं दाबत सुटली, नाव काही बदलेना. हसवायला गेले आणि चारचौघांत बिचारीची शोभा केली, आता जन्मात बोलायची नाही, या विचारानं तिला रडूच फुटलं.

धाकटी रांग तशीच सोडून आली.

"सरका, जाऊबाई."

तिनं लिंबांना त्यांचं नाव परत दिलं. मग एक भोपळा उचलून काट्यावर ठेवला, काहीतरी टाइप केलं आणि निघालेलं लेबल थोरलीच्या अ‍ॅप्रनवर चिकटवलं. 'जाऊबाईंचं डोकं'.

"वजन बघा केवढं, आणि आत नुसत्या बिया!" धाकटीला हसू आवरेना. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तुम्ही बडबडत नसलात ना, की घर खायला उठतं हो."

थोरलीनं डोळे पुसले आणि तिच्या तोंडाची टकळी जी सुरू झाली, ती थांबायचं नाव घेईना.

"बाई, गल्ल्यावर रांग!" मॅनेजरनं हात जोडले.

"थांबा हो जरा!" दोघी एकदमच त्याच्यावर खेकसल्या.