झालेले प्रयोग

दोनाच्या आकड्याची शेपटी चौकटीबाहेर गेलेली... तिथं शाई जराशी फुटलेली, म्हणजे लिहिणाऱ्याचा हात थांबला असणार, विचार करून लिहिलंय – आणि तरीही दोनच. ‘मागील वर्षात झालेले प्रयोग : २.’ तिनं चष्मा काढून डोळे चोळले, पुन्हा लावला. दोनच. अनुदानाला किमान दहा लागतात, आणि अनुदान गेलं की मास्तरांच्या नाटकमंडळींना सरकारनं दिलेली तालमीची खोलीही जाते. मास्तरांना हे ठाऊक नसेल, असं कसं म्हणायचं? दरवर्षी अर्ज तेच तर भरतात.

बाकीच्या अर्जांत प्रयोगांचा नुसता सुकाळ. एका संस्थेनं तर एकाच संध्याकाळी तीन गावांत तेच नाटक केलेलं, त्याच नटांना घेऊन. असल्या कागदी संस्थांना चाप बसावा म्हणून नऊ वर्षांपूर्वी आमच्या खात्यानं दहाची अट घातली – खात्यानं कसली, मीच लिहिली, ह्याच टेबलावर, फॉर्मसुद्धा माझाच, आणि साहेब म्हणाले होते, “वा बाई, बिनतोड!” कागदी संस्था लगेच दहाचे वीस लिहायला शिकल्या. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथं सुकं शाबूत राहिलं आणि ओलंच तेवढं पेटलं.

मास्तरांचे अकरा प्रयोग झालेत हे तिला माहीत होतं. एकाला तर ती स्वतः गेली होती, शेवटच्या रांगेत बसली होती, मध्यंतरात कुणी ओळखू नये म्हणून खांबाआड उभी राहिली होती... का? सहा वर्षं त्यांच्या हाताखाली नाटकांत कामं केली, मग ही नोकरी लागली, तेव्हा ते म्हणाले होते, “जा. आता आतून भांड आमच्यासाठी.” आतून! आत आलेला माणूस भांडतो कुठं, टिपण्या लिहितो. तिला एकदम फार दमल्यासारखं झालं – आजचं दमणं नव्हे हे, कितीतरी वर्षांचं साठलेलं.

तिनं फोन लावला.

“मास्तर, अर्जात चूक झालीय. प्रयोग अकरा केलेत ना तुम्ही?”

“केले अकरा.” मागं कुणीतरी एकच वाक्य पुन्हापुन्हा घोकत होतं. “झाले दोन.”

“म्हणजे?”

“अगं, म्हणजे काय? नऊ वेळा पडदा नुसता वर गेला आणि खाली आला. तू खांबाआड उभी होतीस ना, तोही नाही धरला मी. दुसरा अंक पार झोपला होता. तुमच्या फॉर्मवर ‘झालेले’ छापलंय. ‘केलेले’ विचारलं असतं तर अकरा लिहिले असते.”

तिला हसू आलं, आणि त्याच दमात रागही. सोळा माणसांची तालीम रस्त्यावर येईल आणि ह्यांचा ताठा बघा!

“खोली जाईल, मास्तर.”

“तुला खोडायचं तर खोड. मी हरकत घेणार नाही. पण माझ्या हातून नको लिहून घेऊस.”

आणि माझे? तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्या सहा वर्षांतले माझे ऐंशी-नव्वद... त्यांतले किती झाले? पण तिनं विचारलं नाही, आणि तिकडे तालीम खोळंबलेली होती.

टेबलावरच्या अर्जांचा गठ्ठा चार वाजता साहेबांच्या सहीला जायचा होता. खोडायचं आणि गप्प बसायचं, की आत जाऊन सांगायचं – साहेब, ही अट चुकलीय, आणि चुकलीय ती माझी? इतक्या वर्षांत तिनं केलं पुष्कळ. झालं किती, हे कुणी विचारलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर ते बरंच होतं.

मास्तरांचा अर्ज तसाच हातात घेऊन ती साहेबांच्या दाराशी येऊन उभी राहिली, तर हात गार पडलेले. रक्तदाब की काय... मग तिनं ओळखलं. विंगेत उभं असताना व्हायचं हे, प्रवेशाआधी, दरवेळी. ह्या इमारतीत एकदाही झालं नव्हतं. भीती वाटत होती, अगदी खरीखुरी, आणि दमणं कुठल्या कुठं गेलं होतं. आतून साहेब म्हणाले, “या.” पहिलं वाक्य मात्र तिला काही केल्या आठवेना.