ब्रेकबाईंचा गाल

“क्लच! मास्तर, क्लच दाबा! मधाचं नंतर बघू!”

मास्तरांनी क्लचऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी समोर उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरकडे झेपावली. ब्रेकबाईंनी आपल्या पायाखालचा जादा ब्रेक असा काही हाणला, की मास्तरांचा चष्मा उडून डॅशबोर्डवर जाऊन पडला.

“तर मी काय म्हणत होतो,” चष्मा शर्टाला पुसत मास्तर म्हणाले, “मध आणि लिंबू. रोज वीस मिनिटं. आमच्या पुतणीचे खड्डे अगदी...”

“गाडी न्यूट्रलला घ्या.”

“...भरून आले, बघा.”

“मास्तर, मागे सात गाड्या हॉर्न वाजवतायत.”

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. पासष्टाव्या वर्षी गाडी शिकायला निघाले होते आणि पंधरा दिवसांत त्यांना तिसरा गिअर काही सापडला नव्हता. ब्रेकबाईंच्या गालावरचा उपाय मात्र त्यांना पहिल्याच दिवशी सापडला होता.

यात मास्तरांचा एकट्याचा दोष नव्हता. बंद गाडीत शिकवणारी आणि शिकणारा यांच्यात जेमतेम हातभर अंतर. शिकणाऱ्याला तासभर तिचा एकच गाल दिसणार, आणि त्या गालावर कानापासून जबड्यापर्यंत खड्डेच खड्डे. काही सुई खुपसल्यासारखे अरुंद आणि खोल, काही पसरट, उताराचे. सोळा वर्षांच्या नोकरीत ब्रेकबाईंनी शेकडो लोकांना गाडी शिकवली आणि त्यातल्या निम्म्यांकडून बटाट्याचा रस, बर्फ, कोरफड, टूथपेस्ट, उपास आणि एकदा तर उंटिणीचं दूध, एवढे उपाय ऐकून घेतले. ‘ब्रेकबाई’ हे नाव शिकाऊ लोकांनीच पाडलेलं. त्यांना ते आवडायचं. शाळेत पडलेली नावं तोंडावरून होती, हे निदान पायावरून होतं.

सोळाव्या वर्षी मोठमोठ्या गाठी आल्या, तेव्हा घरात सगळे म्हणाले होते, “वयाचं आहे, वयाबरोबर जाईल.” वय गेलं, गाठीही गेल्या आणि हे राहिलं. पुढे त्यांनी पार्लर करून पाहिलं. कुणीतरी दिलेलं मलम लावून आठवडाभर तोंड भाजून घेतलं. एकदा चकचकीत काउंटरच्या क्लिनिकातही गेल्या. तिथली मुलगी म्हणाली, “बारा सिटिंगमध्ये काच होईल काच!” सहा झाल्यावर ब्रेकबाईंनी आरशात पाहिलं, काच वगैरे काही दिसली नाही, आणि त्यांनी तो विषय कायमचा बंद केला.

बंद केला होता, पण ताईच्या मुलाचं लग्न ठरलं.

ताई म्हणजे ब्रेकबाईंची थोरली बहीण. लग्न चार महिन्यांवर आलं तशी तिने घराला रंग काढला, पडदे बदलले, सोफ्याला नवी खोळ शिवून घेतली आणि त्या यादीत पुढची वस्तू म्हणून धाकट्या बहिणीचा गाल धरला.

“मी नंबर लावलाय,” तिने फोनवर जाहीर केलं. “चांगली स्किनची डॉक्टर आहे. परवा दुपारी चार.”

“ताई, परवा माझे तीन तास आहेत.”

“रद्द कर. जन्मभर राहणारे फोटो आहेत.”

“मग मला नका ना घेऊ फोटोत.”

“असं कसं? सख्खी मावशी तू. लोक विचारतील, मावशी कुठेय?”

“सांग, टँकरखाली गेली.”

पण ताईशी वाद घालून कुणी जिंकल्याचं घरात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. ठरल्या दुपारी ब्रेकबाई निमूटपणे डॉक्टरांच्या नंबराचा कागद घ्यायला ताईच्या घरी पोचल्या. नव्या रंगाच्या वासाने डोकं भणाणत होतं. ताई पडद्याच्या कड्या मोजत होती.

“चिमी कुठे?” त्यांनी विचारलं. चिमी ताईची धाकटी. सोळा वर्षांची, बडबडी. मावशी आली की जिन्यातच गळ्यात पडायची.

“बसलीय आत. दोन दिवस कॉलेजला गेली नाही. तोंडावर पुटकुळ्या आल्यात चार, त्याचं केवढं नाटक.”

ब्रेकबाईंनी दार ढकललं. चिमी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने मान वळवली. दोन्ही गालांवर आणि हनुवटीखाली लालजांभळ्या, ठणकणाऱ्या गाठी होत्या. एक फुटून उशीच्या अभ्र्याला डाग लागला होता.

“दुखतंय?”

“झोपता येत नाही, मावशी. कुठल्या कुशीवर झोपू तेच कळत नाही.”

“आईला सांगितलंस?”

“आई म्हणते, वयाचं आहे, जाईल.”

बाहेरून ताईचा आवाज आला, “हो, मग! जाईलच वयाबरोबर!”

ब्रेकबाई उठल्या. खुंटीवरची चिमीची ओढणी काढून तिच्या अंगावर टाकली. “चप्पल घाल,” म्हणाल्या.

“अगं, तिला कुठे नेतेस? नंबर तुझा आहे!”

“माझा आहे ना? मग मी काय वाटेल ते करीन त्याचं.”

डॉक्टरीण बाई पन्नाशीच्या, कपाळावर भिंग चढवलेल्या, आणि दिवसभर तीच ती उत्तरं देऊन वैतागलेल्या दिसत होत्या. ब्रेकबाईंना त्या एकदम आपल्या वाटल्या. बाईंनी दोघींकडे पाहिलं आणि चिमीला दिव्याखाली ओढलं.

“हिचं आधी. किती महिने झाले?”

“सात,” चिमी म्हणाली.

“आणि सात महिने काय केलंत?”

“मध... टूथपेस्ट... दाबून काढल्या थोड्या.”

“शाबास!” बाईंनी भिंग खाली घेतलं. “हे वरवरच्या मलमाचं काम नाही. गोळ्या लागतील. सहा-आठ महिने. रक्त तपासायचं, दर महिन्याला मला तोंड दाखवायचं. ओठ फुटतील, कातडी कोरडी पडेल. आणि आईची किंवा वडलांची सही लागेल, मावशीची चालत नाही.”

मग त्यांनी ब्रेकबाईंना दिव्याखाली घेतलं. बोटांनी गाल ताणून पाहिला, सोडला, पुन्हा ताणला.

“तुम्हाला काय हवंय?”

“लेझरने जातं म्हणतात.”

“म्हणणाऱ्यांचं सोडा. तुमच्या गालावर तीन प्रकारचे खड्डे आहेत आणि तिन्हींची औषधं वेगळी. हे पसरट आहेत ना, ह्यांना आतून दोरे खाली ओढून धरतात. कातडीखाली सुई घालून ते दोरे तोडायचे. हे टोचल्यासारखे अरुंद, ह्यांच्यात एकेक करून आम्लाचा थेंब, काडीच्या टोकाने. हा एक मोठा, सरळ कडांचा, कापून दोन टाके घालू. लेझर किंवा बारीक सुयांचं यंत्र सगळ्यात शेवटी, वरचा पोत सुधारायला. सावळ्या कातडीवर लेझर जपून मारावं लागतं, नाहीतर खड्डे राहतात आणि वर काळे डाग पडतात. एक भरायचं इंजेक्शनही असतं, पण ते वर्षभरात विरतं, मग पुन्हा या.”

“आणि एवढं सगळं करून?”

“निम्मं. नशीब चांगलं असेल तर थोडं जास्त. वर्ष-दीड वर्ष जाईल. सगळं पुसून देतो असं कुणी म्हणालं, तर तिथून उठून घरी जायचं.”

पंचवीस वर्षांत एवढं सरळ कुणी बोललं नव्हतं. ब्रेकबाई खूश झाल्या की खचल्या, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

“पण आधी हिच्या गाठी थांबवा,” चिमीकडे बोट दाखवत बाई म्हणाल्या. “नाहीतर वीस वर्षांनी ही येईल तुमच्या खुर्चीत.”

सहीचा कागद ताईने चष्मा लावून वाचला आणि तिचा चेहरा उतरला.

“हे काय लिहिलंय? गरोदर? माझ्या पोरीच्या कागदावर?”

“सगळ्याच मुलींकडून लिहून घेतात, ताई. त्या गोळ्या चालू असताना दिवस गेले तर बाळाला अपाय होतो, म्हणून.”

“आणि लिव्हर? रक्त कशाला तपासायचं? एवढ्याशा पुटकुळ्यांसाठी? लग्नात फुटलेले ओठ घेऊन फिरेल ती! मी नाही सही करणार. लग्न होऊ दे, मग बघू.”

“चार महिन्यांत तोंडाची चाळण होईल तिच्या.”

“तुझं पण झालंच होतं ना? काय बिघडलं? नोकरी आहे, नवरा चांगला आहे.”

ब्रेकबाई म्हणाल्या, “मी कॉलेजात तीन वर्षं शेवटच्या बाकावर बसले. भिंतीच्या बाजूला, म्हणजे एकच गाल दिसतो. मला गाणं म्हणायचं होतं स्नेहसंमेलनात, नाव दिलं आणि खोडून आले. लोकांना वाटतं मी तुसडी आहे. मी तुसडी नव्हते, ताई. मी लपत होते.”

“तू कधी बोलली नाहीस हे.”

“बोलू कधी? तुम्ही सगळे उपायच सांगत होतात.”

ताईने हातातला कागद उलटा केला, सुलटा केला. मग सोफ्यावर बसून, नव्या खोळीवरच्या प्लास्टिकचा करकर आवाज करत, वाकडीतिकडी सही केली. “ओठांना काहीतरी लावायला दे म्हणावं त्या डॉक्टरणीला,” ती पुटपुटली.

चिमीच्या गोळ्या सुरू झाल्या. ब्रेकबाईंना मात्र सुईची तारीख मिळाली ती नेमकी लग्नाच्या सहा दिवस आधीची.

“गाल काळानिळा होईल, सांगून ठेवते,” डॉक्टरीण म्हणाल्या. “नाहीतर पुढची तारीख तीन महिन्यांनी.”

“करा. आता नाही थांबवत.”

भूल दिलेल्या गालाच्या आत दोरे तुटताना बारीक कटकट ऐकू येत होती. दुसऱ्या दिवशी आरशात पाहिलं, तर कुणीतरी लाथ मारल्यासारखा गाल सुजून जांभळा झाला होता.

खरा ताप तिथून पुढे. त्यांचा नवरा चष्म्याच्या दुकानात कारागीर, झुरळाला सुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडणारा माणूस. त्याच्याकडे शेजारीपाजारी असे बघायला लागले, की त्याने भाजी आणायला जाणं सोडलं. “तू पाटी लाव गळ्यात,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला, “की मी मारलं नाही म्हणून.” चार महिने होऊनही शिकतच असलेल्या मास्तरांनी त्या दिवशी उपाय सांगितला नाही. गाडीही त्यांनी गंभीरपणे, कधी नव्हे ती तिसऱ्या गिअरमध्ये चालवली. उतरताना त्यांनी ब्रेकबाईंच्या हातात एक चिठ्ठी सरकवली. महिलांच्या मदतीसाठी असलेला फोन नंबर होता. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘दिवसा केव्हाही. मी सोबत येईन.’

ब्रेकबाईंना हसावं की ओरडावं कळेना. “अहो, डॉक्टरांनी केलंय हे! पैसे देऊन करून घेतलंय मी!”

“सगळ्या असंच म्हणतात,” मास्तर हळूच म्हणाले.

लग्नात ताईने कपाळावर हात मारला. एका बाजूला साली निघालेल्या ओठांची मुलगी, दुसऱ्या बाजूला जांभळ्या गालाची बहीण, आणि फोटोग्राफर विचारतोय, “ह्या दोघींना मागच्या रांगेत घ्यायचं का?”

“पुढेच घ्या,” ताई खेकसली. “आता जे आहे ते आहे. आणि तू त्या लाइटकडे बघ, माझ्या बहिणीकडे नको बघूस.”

वर्षभराहून जास्त गेलं. चिमीचे गाल निवले. दोन-तीन पुसट खुणा राहिल्या, त्याही ती विसरून गेली. मावशीला सांगायला तिच्याकडे आता दुसऱ्या हजार गोष्टी होत्या. ब्रेकबाईंनी सुई केली, आम्लाचे थेंब घेतले, खपल्या धरल्या आणि पडल्या, टाके घातले आणि काढले. एक दिवस डॉक्टरीण बाई म्हणाल्या, “आता थांबू या. ह्याच्यापुढे माझ्या हातात फार नाही.” निम्मं म्हणाल्या होत्या, निम्मंच झालं. सुटीवरून आलेल्या एका शिकाऊ बाईने नव्याने दह्याचा लेप सुचवला. ब्रेकबाई म्हणाल्या, “इंडिकेटर द्या आधी.”

त्याच सुमाराला लग्नाचा अल्बम छापून आला आणि ताईला नवं खूळ लागलं. घरातले सगळे जुने सुटे फोटो नीट लावून एक वही करायची. रविवारी दुपारी तिने जमिनीवर पसारा मांडला आणि ब्रेकबाईंना डिंक लावायला बसवलं. वडील, आई, सहली, ताईचं लग्न. ताई भराभर लावत होती. मग तिचा हात थांबला.

“अगं, तू कुठेयस?”

“म्हणजे?”

“पंधरापर्यंत आहेस. मग एकदम तुझ्या लग्नात. मधली दहा वर्षं?”

“फोटो मीच काढायचे ना.”

ताईने सगळा ढीग पुन्हा चाळला. एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. एकात आईच्या खांद्यामागे नुसते केस होते. एकात पाठ. शेवटी तिला एक सापडला. अंगणात खुर्चीवर वडील बसलेले, आणि फोटोच्या कडेला कुणाचं तरी कोपर, हिरवी बाही, हातात कप.

“हा तुझा हात ना?”

“हो.”

ताईने तो फोटो वेगळ्या पानावर, मधोमध चिकटवला, कडा तळव्याने दाबल्या आणि खाली पेनने लिहिलं, ‘धाकटी, वय वीस.’

“एकवीस,” ब्रेकबाई म्हणाल्या. “हिरवा ड्रेस एकवीसला शिवला होता.”

ताईने वीस खोडलं आणि जवळच, नीट अक्षरात, एकवीस लिहिलं.