भिंतीतली दुसरी लाइन

धम्मदीपने हातातलं मशीन हॉलच्या भिंतीला टेकवलं आणि गुडघ्यांवर सरकत ते डावीकडून उजवीकडे नेलं. एका जागी मशीन वाजू लागलं. कानामागचा खडू काढून त्याने तिथे फुली मारली, वीतभर वर जाऊन पुन्हा मशीन फिरवलं, पुन्हा फुली. एकाखाली एक पाच फुल्या झाल्यावर त्याने त्या एका रेघेने जोडल्या.

"हा तुमचा लोखंडी पाइप, मॅडम. वरच्या टाकीतून सरळ खाली येते."

उत्तराबाई देशकर चष्मा सारखा करत वाकल्या.

"अगदी इथूनच?"

"इथूनच. आता लीक कुठं आहे ते पाहू."

दाराजवळच्या खुर्चीवर बाबाराव बसले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. घरी जेवायला जाताना देशकरांच्या फाटकाशी धम्मदीपची स्कूटर दिसली, मागे ती पिवळी पेटी बांधलेली, आणि त्यांनी आपली गाडी तिच्या शेजारी लावली. दार उघडल्यावर उत्तराबाई क्षणभर गोंधळल्या होत्या. "अहो, मी तुम्हालाही फोन करणारच होते," त्या म्हणाल्या. त्यातला 'ही' बाबारावांच्या मनातून अजून गेला नव्हता.

चोवीस वर्षं या घराचं पाणी त्यांच्या हातात होतं. उत्तराबाईंचे यजमान केशवराव असताना आणि ते गेल्यावरही, नळाचा वायसर बदलायचा असला तरी या घरून दुसऱ्या कुणाला फोन जात नसे. सक्करदऱ्याच्या या लेआउटमधल्या निम्म्या घरांत लाइनी त्यांनीच टाकल्या होत्या. भिंत फोडायची वेळ आली की बाबाराव पान्याच्या मुठीने ती ठोकत, कान लावत, डोळे मिटत आणि नेमक्या जागी बोट ठेवत. बाबारावशी भिंत बोलते, असं लोक म्हणत. त्यातल्या बहुतेक भिंती त्यांनी स्वतःच पाइप घालून बुजवलेल्या होत्या, ही गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नसे. हळूहळू ती त्यांच्याही ध्यानात येईनाशी झाली होती.

मागच्या दिवाळीत बेसा रोडवरच्या एका नव्या फ्लॅटमध्ये त्यांनी असंच ठोकून तीन टाइल्स फोडल्या. मागे कोरडी वीट निघाली. घरातल्या बाईंनी त्यांच्यासमोरच मोबाइल काढून धम्मदीपला बोलावलं. तो आला, दहा मिनिटांत जागा दाखवली, आणि जाताना "काका, नव्या बिल्डिंगींचं काहीच सांगता येत नाही" असं म्हणाला. तो समजावण्यासाठी म्हणाला होता. बाबारावांना ते वर्मी लागलं होतं.

आता धम्मदीपने पेटीतून दुसरं यंत्र काढलं. बंदुकीसारखी मूठ, मागे छोटा पडदा. पडद्यावर भिंत केशरी दिसत होती आणि खाली, जमिनीपासून दोनेक फुटांवर, गर्द निळा डाग पसरला होता.

"निळं म्हणजे थंड. पाणी इथं मुरून राहिलं आहे, मॅडम. बाथरूमच्या टाइल्सले हात लावायचं काम नाही. या बाजूने एवढा चौकोन कापू, बस," त्याने खडूने आखून दाखवलं.

"वा!" उत्तराबाई म्हणाल्या. त्या टाइल्स आता बाजारात मिळत नव्हत्या आणि त्या फुटतील या धास्तीने त्यांना दोन दिवस नीट झोप लागली नव्हती. "बाबाराव, पाहिलंत का? आतलं सगळं दिसतं हो!"

"पाहतो नं," बाबाराव म्हणाले.

ते खरंच पाहत होते. त्या पोराच्या शर्टावर त्याचं नाव शिवलेलं होतं. पोरगा कसला, पस्तिशीचा गडी. उत्तराबाईंनी त्याच्यासाठी सरबत आणलं ते काचेच्या ग्लासात, खाली बशी ठेवून. बाबारावांनाही तसाच ग्लास, तशीच बशी मिळाली होती, पण त्याला आधी दिलं होतं. आपण हे मोजून राहिलो आहोत हे जाणवून त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

लोखंडी पाइपापासून वीतभर उजवीकडे, धम्मदीपने आखलेल्या चौकोनाच्या बरोबर मधून, दुसरी लाइन जात होती. गच्चीवरच्या सोलरची, गरम पाण्याची. पूर्वी ती मागच्या भिंतीवरून बाहेरून उतरत असे. नागपूरच्या उन्हात तो पाइप दर दोन वर्षांनी तडकायचा, म्हणून केशवरावांनी एका एप्रिलमध्ये, घराला रंग देण्याआधी, ती भिंतीतून घ्यायला सांगितली. उत्तराबाई तेव्हा पुण्याला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. बाबारावांनी तीन दिवसांत झिरी कापून प्लास्टिकचा पाइप आत घातला, वर गिलावा, वर रंग. बाहेरचा जुना पाइप काढायचा राहिला तो राहिलाच. केशवराव आता नव्हते. ती लाइन ठाऊक असलेला या जगात एकच माणूस उरला होता आणि तो खुर्चीवर बसला होता.

मशीन त्या जागेवरून दोनदा गेलं होतं. वाजलं नव्हतं. म्हणजे त्याला लोखंड कळत होतं, प्लास्टिक नाही. सकाळपासून कुणी गरम पाणी घेतलं नसेल, म्हणून त्या पडद्यावरही काही उमटलं नाही.

बाबारावांच्या छातीत काहीतरी गोड हललं. बेसा रोडपासून इतकं बरं त्यांना वाटलं नव्हतं.

धम्मदीप गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक बंद करून आला. मेन स्विच पाहिला. कटरची वायर ओढून आणली. मग खिडकीतून मागच्या भिंतीकडे वाकून बघत त्याने विचारलं,

"मॅडम, सोलरची लाइन बाहेरूनच आली आहे नं?"

"हो, ती काय दिसते."

तो वळला.

"काका, तुम्हीच तं केलं आहे इथलं काम. या भिंतीत अजून काही नाही नं? सोलर बाहेरूनच आहे नं?"

बाबारावांनी ग्लास उचलला. त्यात घोटभर सरबत उरलं होतं. ते त्यांनी पिऊन टाकलं.

"दिसते तं बाहेरूनच," ते म्हणाले. "मशीन काय म्हणते?"

"मशीन साफ दाखवून राहिली."

"मग झालं तं."

धम्मदीपने डोळ्यांवर चष्मा चढवला. कटर सुरू झाला, हॉलभर पांढरी धूळ उडाली, उत्तराबाई पदर नाकाला लावून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. वरच्या आडव्या रेघेवरून पातं एकदा वरवर फिरलं. बाबाराव खुर्चीच्या कडेवर सरकले. थांब गा, एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलंही. पण कटरचा आवाज मोठा होता, आणि अजून पातं खोल गेलं नसेल असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि थोडं पाणी उडेल, फजिती होईल, एवढंच तर होईल असंही सांगितलं.

आवाज एकाएकी बदलला. भिंतीतून पाण्याची धार सपकन बाहेर आली. दुपारचे दोन वाजले होते, मार्चचं ऊन सकाळपासून सोलरवर होतं. धम्मदीप ओरडला, कटर सोडून मागे पडला. डाव्या हाताच्या कोपरापर्यंत वाफाळतं पाणी पडलं होतं.

"वरून बंद करतो!" म्हणत तो तसाच जिन्याकडे धावला.

पण बाबाराव आधीच उठले होते. ते गच्चीकडे गेले नाहीत. सरळ जिन्याच्या वळणावरच्या कोनाड्यात शिरले, रद्दीचा गठ्ठा पायाने बाजूला केला, भिंतीशी रंगात मिसळून गेलेली लाकडी झडप नखांनी उघडली आणि आतला त्याच लाइनचा कॉक आवळला. हॉलमधली धार बसली.

ते वळले तेव्हा धम्मदीप तिसऱ्या पायरीवर उभा होता. एका हाताने दुसरा हात धरून. तो झडपेकडे पाहत होता. मग त्याने बाबारावांकडे पाहिलं.

उत्तराबाईंचा मात्र ताबा सुटला.

"तुमच्या मशीनला तर आतलं सगळं दिसत होतं! आता हा हॉल बघा. सोफा भिजला माझा. आणि हे गरम पाणी आलं कुठून?"

"सोलरची लाइन आतून आहे, मॅडम," धम्मदीप म्हणाला. "प्लास्टिक आहे. मशीनले प्लास्टिक नाही दिसत."

"मग हे आधी सांगायला नको? तरी बरं, बाबाराव होते. नाहीतर कुठवर पाणी गेलं असतं कोण जाणे."

हेच वाक्य ऐकायला बाबाराव त्या खुर्चीवर बसले होते. ते आलं, आणि त्यांना कुठे बघावं ते कळेना.

"खरं आहे, मॅडम," धम्मदीप म्हणाला. "काका होते म्हणून निभावलं."

त्याच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. बाबारावांनी तो शोधून पाहिला. नव्हता.

धम्मदीप मोरीतल्या भरलेल्या बादलीत हात बुडवून बराच वेळ बसला. कातडी लाल झाली होती, मनगटाजवळ एक फोड वर येत होता. उत्तराबाईंचा राग त्या फोडापाशी ओसरला. त्यांनी मलम आणलं, स्वच्छ फडका आणला. बाबारावांनी फरशी पुसून काढली. मग न विचारताच त्यांनी आपल्या गाडीच्या डिकीतून जोड आणि गोंद आणला, चिरलेला पाइप दोन्हीकडून साफ कापला आणि नवा तुकडा बसवला. गुडघे दुखत होते. एरवी अशा वेळी ते गुणगुणत असत.

गोंद वाळायला दीड तास द्यावा लागणार होता. उत्तराबाईंनी चहा केला. दोघे भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले, मध्ये हातभर जागा सोडून. लोखंडी पाइपातली मूळची गळती अजून होती तिथेच होती.

"जळजळ होते काय?" बाबारावांनी विचारलं.

"होते."

"लकडगंजात माह्या ओळखीचा डॉक्टर आहे."

"जाईन मी सक्करदऱ्यालेच."

चहा संपला. धम्मदीपने कप बशीत ठेवला, खिशातला खडू काढला आणि बाबारावांसमोर धरला.

"काका, तुमची लाइन कुठून कुठं गेली आहे, आखून द्या. मंग बाकीचं कापतो."

बाबाराव उठले. छतापासून, पंख्याच्या स्विचच्या चार बोटं डावीकडून त्यांनी रेघ धरली. अर्ध्यावर आणून थोडी तिरपी केली, कारण तिथे जुनी खुंटी होती, आणि पुन्हा खाली सरळ. हात थांबला नाही. त्यांनी पान्याने भिंत ठोकली नाही, कानही लावला नाही.

"झालं," ते म्हणाले.

धम्मदीप उठला. आधी जिन्याच्या वळणावर जाऊन कॉक उघडून आला, मग बाथरूममध्ये गेला. तिथला गरम पाण्याचा नळ सोडल्याचा आवाज आला. तो परत आला, पेटीतून ते पडद्याचं यंत्र काढलं आणि भिंतीपासून दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला.

बाबारावांनी खडू मुठीत आवळला. तीस वर्षांच्या धंद्यात त्यांच्या खुणेनंतर कुणी भिंत तपासली नव्हती.

"माह्या रेघेवर भरोसा नाही काय गा?"

"आज पाहून घेतो, काका."

पडद्यावर आधी काहीच नव्हतं. मग छताजवळ एक पिवळा ठिपका उमटला. तो खाली सरकू लागला, लांबला, त्याची बारीक रेघ झाली. खुंटीच्या जागी ती वळली, आणि पुन्हा सरळ उतरली. खडूच्या रेघेवरून, जणू कुणी तीच रेघ पुन्हा गिरवत होतं. बाबाराव नकळत जवळ आले. पाइप बुजवल्यानंतर प्लंबरला आपलं काम पुन्हा दिसत नाही. त्यांना ते पहिल्यांदा दिसत होतं.

"एका सुताचा फरक नाही," धम्मदीप म्हणाला. "अशी लाइन कोणी टाकत नाही आता."

उत्तराबाईही येऊन पडद्यात डोकावल्या.

"कमाल आहे बाबाराव! मशीनला मघा दिसलं नाही ते तुम्ही नुसतं बघून ओळखलंत?"

धम्मदीप खाली वाकून कटरची वायर सोडवत होता. त्याने मान वर केली नाही. हो म्हणायला एवढंसं बळ पुरलं असतं.

"ओळखलं नाही, बाई," बाबाराव म्हणाले. "मीच टाकली होती. साहेबांनी सांगितलं होतं. तुम्ही पुण्याले होत्या तेव्हा."

उत्तराबाईंनी भिंतीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"म्हणजे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"हो."

"पण मघा यांनी तुम्हाला विचारलं, माझ्यासमोर. तेव्हा तुम्ही..."

त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं आणि त्या थांबून राहिल्या. बाबारावांच्या बोटांत खडूचा भुगा झाला होता. ते बोलण्यासाठी श्वास घेत होते, शब्दही जवळ आले होते, इतक्यात धम्मदीपने फडका बांधलेल्या हाताने चष्मा डोळ्यांवर ओढला.

"मॅडम, जरा मागे व्हा," तो म्हणाला, आणि त्याने कटर सुरू केला.