त्या दिवशी चहा नव्हता

आमच्या घराला इंटरनेटवर पाचपैकी एकच तारा देऊन गेलेलं एक जोडपं आहे. ज्या दिवशी माझी माय गेली, त्या दिवशी ते आमच्याकडे उतरलं होतं.

घर म्हणजे आमचा होमस्टे. मूल गावाच्या पलीकडे, वाघाच्या जंगलाच्या गेटाला लागून आमचं गाव. मागच्या अंगाला दोन खोल्या बांधल्या. शेणानं सारवलेलं अंगण ठेवलं आणि आत कमोड बसवला, कारण शहरातल्या माणसांना दोन्ही लागतं. माझी नणंद दीपिका पुण्याला नोकरी करते. तिनंच आमची माहिती मोबाईलवर चढवली, फोटो टाकले, आणि मला बजावलं, "वहिनी, लोकं आधी तारे पाह्यतात, मग घर."

आणि लोक खरंच पाहत. दोन-दोन महिने आधी घरी बसून सगळी सहल ठरवून टाकत. कोणत्या गेटातून शिरायचं, कुठल्या तळ्यावर कोणती वाघीण येते, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. फोनवर विचारायचे, गरम पाणी आहे का, नेटवर्क आहे का. एका बाईनं विचारलं, मच्छर आहेत का. आहेत बाई, सध्या सुट्टीवर गेलेत, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तारे आठवले आणि गप्प बसले.

मला ते घर चालायला हवं होतं, त्याचं कारण माझा नवरा. खोल्या नव्हत्या तेव्हा रोशन दर हिवाळ्यात तेलंगणात मिरची तोडायला जायचा. परत यायचा तेव्हा हातांची आग होत असायची, पोराला जवळ घेता यायचं नाही. खोल्या झाल्या आणि तो घरी राहिला. पाहुणे आले तर माणूस घरात, नाहीतर मिरचीत, इतका साधा हिशोब होता.

माझी माय बुधरी त्याच गावात, दोन गल्ल्या सोडून राहायची. तिचं स्वतःचं मोहाचं झाड होतं. आमच्यात झाडं अशी घराघराची असतात, दुसरा कोणी त्याखालचं फूल उचलत नाही. चैत्रात फुलं पडायला लागली की ती उजाडायच्या आधी टोपली घेऊन निघायची. मी म्हणायची, "माय, जरा उजेड पडू दे ना." ती म्हणायची, "तवरिक जनावरं खाऊन टाकतेत वो, मंग मी काय पानं वेचू?"

त्या सकाळी पाहुणे सफारीला गेलेले. मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. गावातला झिंगूभाऊ धावत आला आणि दारात उभा राहून त्यानं जंगलाकडं नुसता हात केला. मी कांदा तसाच टाकला आणि पळत सुटले. रोशन माझ्या मागं.

पुढचं मी सांगणार नाही.

आमच्याकडे रीत आहे. असं जंगलात माणूस गेलं, तर ते घरी येईपर्यंत गावात एकही चूल पेटत नाही. गॅससुद्धा नाही. आणि गेलं असं कोणी तोंडानं म्हणत नाही. आधी माणसाला घरी येऊ द्यायचं, मग रडायचं. पंचनामा, दवाखाना, हे सगळं होऊन माय घरी आली तेव्हा दिवस कलला होता. तोवर अख्खं गाव उपाशी, दारं लोटून बसलेलं.

पाहुणे सफारीहून परतले तर घर उघडं आणि आत कोणी नाही. शेजारच्या वच्छलाकाकूंना त्यांनी विचारलं. काकू तोंडाला पदर लावून एवढंच म्हणाल्या, "आज चूल नाई पेटत." आणि दार लावून घेतलं. दुसरं काही त्या बोलूच शकत नव्हत्या.

तेराव्याच्या आसपास दीपिकानं फोनवर वाचून दाखवलं. 'यजमान न सांगता गायब. साधा चहासुद्धा मिळाला नाही. गावकरी उद्धट. विचारल्यावर आज चूल पेटत नाही असं उत्तर मिळालं, बहुधा सिलेंडर संपला असावा. नियोजन शून्य. सुट्टी वाया गेली.'

सिलेंडर! मला हसू आलं आणि मग थांबेचना. रोशननं फोन माझ्या हातातून काढून घेतला.

त्यानंतर फोनची घंटी वाजायची बंद झाली. उन्हाळ्याच्या सुट्ट्या आल्या नि गेल्या. दुसऱ्या घरांपुढं गाड्या लागत, आमच्यापुढं कुत्री झोपत.

"तुमी उत्तर लिहा नं, वहिनी," दीपिका म्हणायची. "खालीच जागा असते उत्तराले. काऊन नाई पेटली चूल, ते सांगा."

"नाई सांगत."

"पर काऊन?"

"चहा नाई देल्ला त्याचं कारण म्हणून माह्या मायचं मरण दाखवू का लोकाईले? ते काय दाखला हाय?"

ती गप्प झाली. मला वाटलं, पटलं तिला. आमच्या दीपिकेचं असं आहे, की ती गप्प बसली म्हणजे पटलं असं नसतं.

पावसाळा संपता संपता जंगलाचं गेट पुन्हा उघडलं. रोशन एकदा मुकादमाशी बोलून आला, मिरचीचं. मला सांगितलं नाही, पण बॅग खाली काढलेली मी पाहिली. मी ती परत माळ्यावर टाकली.

आणि मग एक फोन आला. दोन दिवसांत दुसरा. त्या आठवड्यात दोन्ही खोल्या दिवाळीपर्यंत भरल्या. रोशननं मुकादमाला नाही कळवलं, आणि कितीतरी दिवसांनी तो अंगणात शीळ घालत फिरला. मीही त्या दिवशी डाळीत तूप जास्त घातलं.

मग फोनवर एका माणसानं विचारलं, "ताई, ती मैनाच ना? व्हिडिओवाली? तुमच्या इथंच केलं ना तिनं ते?"

मैना म्हणजे ती. वाघिणीला मैना नाव आमच्या गावानं दिलेलं नाही. आम्ही तर जंगलात तिच्या जातीचं नावही घेत नाही. तिचे व्हिडिओ आहेत, तिला चाहते आहेत, तिच्या पिलांचेही वाढदिवस करतात म्हणे. मी फोन ठेवला आणि पोराकडून ते पान उघडून घेतलं. एका ताऱ्याखाली दीपिकानं लिहिलं होतं: त्या पहाटे तळ्याजवळ मोह वेचताना गावातल्या एका महिलेचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. प्रथेनुसार गावात चूल पेटली नाही. आमच्या पाहुण्यांची गैरसोय झाली, क्षमस्व.

मी तिला फोन लावला. जे जे तोंडात आलं ते बोलले.

"मी खोटं एक अक्षर नाई लिवलं, वहिनी," ती रडत होती. "नाव बी नाई टाकलं. दादा मिरचीत जायाले निंगाला होता, मी काय करू?"

"खरं होतं ते आपलं होतं, दीपिका. त्याईचं नव्हतं."

"काढून टाकू का मंग?"

बाहेर रोशन खोल्यांना चुना मारत होता. काढ म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द निघाला नाही. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

पहिलं आलं ते नाशिकचं जोडपं. शिक्षक होते दोघं, स्वभावानं गरीब. वाईट असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. बाईंनी आल्या आल्या माझं अंगण पाहिलं आणि चपला बाहेर काढल्या. सगळं वाचून आलो, म्हणाल्या. कुठं थांबायचं, काय खायचं, सगळं मोबाईलमध्ये गोळा करून ठेवलेलं होतं.

दुपारी ते फिरून आले. मी ओसरीत चहा मांडला. बाईंनी फोन माझ्यापुढं धरला. मोहाचं झाड, आणि त्याखाली दगडांची रास. असं माणूस जिथं जातं तिथं आम्ही येता-जाता एकेक दगड ठेवतो. मी महिनोन्महिने तिकडं गेले नव्हते. रास माझ्या मनातल्यापेक्षा खूप मोठी झाली होती.

"हीच जागा ना?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आम्हीही एकेक दगड ठेवला. सगळे पाहुणे ठेवतात असं वाचलं होतं."

मी पाहत राहिले. त्यातले आमचे दगड कोणते आणि यांचे कोणते, काही ओळखू येत नव्हतं.

"फार वाईट वाटलं हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे खरोखर भरले होते. "तुम्ही ओळखत होतात का त्यांना?"

रोशन दारात पाण्याची कळशी घेऊन थबकला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. एक शब्द बोलले असते, तर बाईंनी माझा हात धरला असता. रात्री ते कुठंतरी लिहिलं असतं, माझ्या फोटोसकट. मग पुढच्या पाहुण्यांनी दगडांबरोबर मलाही पाहून घेतलं असतं.

"नाई," मी म्हणाले. "मी नाई ओळखत."

बाईंनी मान हलवली आणि चहाचा घोट घेतला. माय, तुला त्यांच्यापासून लपवायचं म्हणून मी खोटं बोलले. पण बोलताना माझा आवाज जरासुद्धा अडखळला नाही, आणि तेच मला सहन होत नाही.