लाँड्रीतला तापलेला रोलर

मित्रांनो, जरा लांबूनच ऐका. मी तापलेला आहे. हात लावायचा मोह झाला तर हात मागे बांधून ठेवा.

मी एका मोठ्या लाँड्रीतला जुना इस्त्रीचा रोलर आहे. तुमच्या घरची इस्त्री कपड्यावरून फिरते, माझ्याकडे कपडाच माझ्या अंगाखालून जातो. समोर दोघी जणी ओल्या चादरीची दोन टोकं धरून उभ्या राहतात आणि चादर माझ्या तोंडात देतात. ती मागच्या बाजूला कोरडी, गरम आणि गुळगुळीत होऊन बाहेर पडते. तिथे आणखी दोघी तिची घडी घालतात. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या, वसतिगृहांच्या चादरी. कुणाच्या आजारपणाच्या, कुणाच्या सुट्टीच्या. मला सगळ्या सारख्याच.

स्वस्थ बसणं मला ठाऊक नाही. बॉयलर पेटला की माझ्या अंगात वाफ शिरते, पट्टे सरकू लागतात आणि मी फिरत राहतो. फिरता फिरता एकच धास्ती असते. माझ्या तोंडाशी चादर आली आहे की हात, हे मला कळत नाही. दोन्ही मऊच लागतात.

ज्यांनी मला घडवलं त्यांना हे माहीत होतं. म्हणून त्यांनी माझ्या तोंडासमोर एक लाल दांडी बसवली. तिला नुसतं बोट लागलं तरी मी जागच्या जागी थांबावं, अशी सोय होती. मी नवा होतो तेव्हा लोक मला बघायला यायचे. आताच्या मालकीणबाईंचे सासरे तेव्हा मालक होते, ते पाहुण्यांना माझ्यापुढे आणून सांगायचे, "आमच्या चादरीवर सुरकुती शोधून दाखवा." कुणाला सापडायची नाही. मला तेल मिळायचं वेळेवर, माझं लोकरीचं अस्तर बदललं जायचं, मिस्त्री माझ्याशी सोयरिक जुळवायची असल्यासारखा अधूनमधून येऊन चौकशी करून जायचा.

पुढे सासरे गेले, काम वाढलं आणि मिस्त्रीच्या फेऱ्या कमी झाल्या. माझं अस्तर विरलं, सांधे कुरकुरू लागले. लाल दांडीही सैल झाली. चादरीचा वारा लागला तरी ती हलायची आणि मी थांबायचो. मग मुकादम ओरडायचा, मला पुन्हा सुरू करायचा, मी पुन्हा थांबायचो. दवाखान्याची गाडी दारात हॉर्न वाजवत उभी असायची. एके दिवशी मुकादमाने फाटक्या चादरीची एक चिंधी घेतली आणि दांडी वर ओढून खांबाला बांधून टाकली. त्या दिवसापासून मी न थांबता चालू लागलो. सगळ्यांना बरं वाटलं. मला मात्र सारखं वाटायचं, कुणीतरी ती गाठ सोडावी.

आता माणसांबद्दल सांगतो. माझ्याकडच्या बायकांत दोन जावा होत्या. थोरली कितीतरी वर्षं इथे होती आणि मागच्या बाजूला घडीवर असायची. तिकडे खिडकी होती, पंखा होता. धाकटी लग्न होऊन त्यांच्या घरात आली आणि थोड्याच दिवसांत लाँड्रीतही आली. मुकादमाने तिला माझ्या तोंडासमोर उभं केलं. नवीन बाईला नेहमी तिथेच उभं करायचे, कारण तिथे राहायला कुणालाच आवडत नसे. तिथला घाम डोळ्यांत उतरतो आणि तो पुसायला हात मोकळा नसतो.

"काय करायचं असतं?" धाकटीने विचारलं.

"शेजारची करते तसं कर. येईल हळूहळू," मुकादम म्हणाला आणि गाडीकडे गेला.

ही तिची शिकवणी.

शेजारची बाईही महिन्याभरापूर्वीच आलेली. आंधळ्याच्या खांद्यावर आंधळ्याचा हात. धाकटी मात्र चुणचुणीत होती. ती मागे जाऊन थोरलीला विचारायची, "ताई, टोक दुमडलं तर काय करायचं?"

थोरली घडीवरून नजर न काढता म्हणायची, "आम्हाला कोण सांगत बसलं होतं? चटके खाल्ले, शिकलो. तूही शिकशील."

थोरली दुष्ट नव्हती. घरी ती धाकटीच्या ताटात आधी वाढायची, असं बायका आपसांत म्हणायच्या. पण लाँड्रीच्या दारातून आत आली की तिचं तोंड मिटायचं. दुमडलेलं टोक कधीच सरळ करायला जायचं नसतं. चादर बिघडली तर बिघडू द्यायची, हात सोडून द्यायचा. एवढं एक वाक्य थोरलीला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, पण मला बोलता कुठे येतं.

व्हायचं ते भर दुपारी झालं. दवाखान्याच्या चादरींचा ढीग होता, मुकादम "हात चालवा, हात चालवा" म्हणत होता. धाकटीच्या हातातलं टोक दुमडलं. चादर वाया गेली तर आपल्याला बोलणी बसतील म्हणून तिने ते पटकन सरळ करायला हात पुढे केला. चादर आत चालली होती आणि तिने ती सोडली नाही. तिची बोटं माझ्या अंगाला लागली. दांडी तिच्या मनगटापाशी असायला हवी होती, ती खांबाला बांधलेली होती. मी फिरत राहिलो.

धाकटी ओरडली नाही. तिने नुसता श्वास आत ओढला. तरी मागच्या बाजूला थोरलीला तो ऐकू गेला. हातातली घडी टाकून ती धावली आणि भिंतीवरचं मोठं बटण तिने खाली ओढलं. मी थांबलो. थोरलीने तिचा हात सोडवून नळाखाली धरला आणि पाणी वाहत असताना ती एकच म्हणत राहिली, "भावजींना काय तोंड दाखवू मी? काय तोंड दाखवू?"

धाकटीला गाडीतून दवाखान्यात नेलं. सगळे दाराशी गेले तेव्हा मुकादम मागे वळला, खांबावरची चिंधी सोडली आणि खिशात घातली. थोरली दारातून बघत होती.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई आल्या. माझ्यासमोर सगळ्यांना उभं केलं.

"हिचं लक्ष नव्हतं, बाई," मुकादम म्हणाला. "नव्या पोरी अशाच. बरी झाली तरी तिला परत घेण्यात अर्थ नाही."

बायका आपापल्या पायांकडे बघू लागल्या. पोटाचा प्रश्न असला की जीभ जड होते. मी अजून गरम होतो आणि काम नसल्यामुळे नुसता तडतडत होतो.

थोरली पुढे आली. पदराला हात पुसत म्हणाली, "बाई, दांडी बांधलेली होती. काल या मुकादमांनी सोडली. मी रोज बघत होते, मी काही बोलले नाही."

मुकादमाची मान खाली गेली.

"आणि तिला शिकवलं का नाहीस?" मालकीणबाईंनी विचारलं. "घरचीच ना ती?"

थोरलीने मागच्या खिडकीकडे पाहिलं. "तिला घडी आली असती तर तुम्ही तिला मागे घेतलं असतं आणि मला समोर उभं केलं असतं. माझं वय होत चाललंय, बाई. मला त्या उष्णतेची भीती वाटते. म्हणून नाही शिकवलं."

मालकीणबाई मुकादमाकडे वळल्या. तो पुटपुटला, "मला तरी कुणी शिकवलं? मी गाडी चालवत होतो. एक दिवस तुम्ही म्हणालात, उद्यापासून तू मुकादम. दवाखाना फोन करतो तो मला करतो. दांडीने मशीन थांबली की शिव्या मला."

आता मालकीणबाईंना कुणाकडे वळायला जागा उरली नाही. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "मिस्त्रीला आजच बोलावते," त्या म्हणाल्या. "धाकटीचा खाडा धरायचा नाही. ती परत येईल. पण नव्यांना शिकवणार कोण?"

"मी शिकवीन," थोरली म्हणाली. "मात्र मशीन थंड ठेवून. आणि गरम बाजूला पाळीपाळीने सगळे उभे राहणार. मी, या सगळ्या, आणि मुकादमसुद्धा."

"पहिलं कबूल. पाळीचं बघू."

"बघू म्हणजे नाहीच, बाई," मागून कुणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या. पण कामाला कुणी हात लावला नाही. हाताची घडी घालून सगळ्या उभ्या राहिल्या. ओल्या चादरींच्या गाड्यांतून पाणी ठिबकत होतं. इतक्या माणसांत मी कधी असा रिकामा उभा राहिलो नव्हतो. आता काय होणार, या विचाराने माझा पट्टान् पट्टा ताणला गेला होता.

शेवटी मुकादमच हलला. बाह्या वर केल्या, एका चादरीचं टोक उचललं आणि थोरलीला म्हणाला, "सांगा, कुठे धरायची?"

मालकीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाळीचं कबूल."

त्यानंतरचे काही दिवस मला फार चमत्कारिक गेले. माझी दांडी दुरुस्त झाली, अस्तर नवं आलं आणि रोज सकाळी वाफ सोडण्याआधी मला थंडच फिरवू लागले. थंड अंगाने फिरताना माझा जीव कासावीस व्हायचा. पण समोर थोरली एकेकीला सांगत असायची, "टोक गेलं तर जाऊ दे. चादर पुन्हा धुता येते." मुकादमाने पहिल्याच दिवशी तीन चादरींचा बोळा करून टाकला. बायकांनी त्याला सुगरण म्हणायला सुरुवात केली. तोही निमूट ऐकून घ्यायचा. उष्णतेपुढे पाळी केल्यापासून तो "हात चालवा" म्हणत नाही.

धाकटी परत आली. तिची दोन बोटं पूर्ण वाकत नाहीत. घडी तिला जमत नाही. पहिले काही दिवस ती माझ्या जवळही यायची नाही आणि मला त्याचं वाईट वाटलं तरी नवल वाटलं नाही. दोघी जावा डबा खायला शेजारी बसत, पण बोलणं सुरू व्हायला बराच काळ गेला. एक दिवस धाकटीच म्हणाली, "ताई, नव्या आलेल्या त्या दोघींना मी सांगू का?" थोरलीने मान हलवली आणि सरकून जागा दिली.

आता दाराशी नवं मशीन आलं आहे. त्याला काच आहे, बटणं आहेत. ते बसवायला आलेल्या माणसाने मुकादमाला घाईघाईत काहीतरी दाखवलं, पिशवी उचलली आणि तो निघाला. धाकटी दारात जाऊन उभी राहिली. "दादा, आम्ही सगळ्या त्याच्यावर काम करणार. सगळ्यांना सांगा, मग जा." त्याने घड्याळात पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

मित्रांनो, मला लवकरच इथून हलवतील. कुठे, ते ठाऊक नाही, आणि त्यामुळे चैन पडत नाही. कदाचित भंगारात नेतील, कदाचित दुसऱ्या एखाद्या लाँड्रीत लावतील, जिथे मला कुणी ओळखत नसेल. तुमच्यापैकी कुणी उद्या मुकादम होईल, कुणी मालक, कुणी कामावरची जुनी ताई. आमच्यासारख्यांना तेल द्या, आमच्या दांड्या बांधून ठेवू नका. आणि समोर नवं माणूस आलं तर त्याला "येईल हळूहळू" एवढं सांगून निघून जाऊ नका. त्याला काम यायला वेळ लागतो, आणि तोवर मी फिरतच असतो.